वायर माऊसची काढा, कीबोर्डची राहू द्या

पत्राचा सारांश : मुलगी १४ वर्षांची आहे. घरातल्या लॅपटॉपवर मैत्रिणींबरोबर नेमबाजीचे ऑनलाइन खेळ खेळते, अधूनमधून ठोकळे रचून जग उभारायचा खेळही. सध्या तिच्याकडे ऑफिसच्या कामाचा जुना वायरलेस कीबोर्ड आणि माऊस आहे. माऊस मध्येच अडकतो आणि कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबली की एक लागत नाही, अशी तिची तक्रार. वाढदिवसाला तिला न सांगता वायरलेस गेमिंग सेट आणून द्यावा असं आम्हा दोघांच्या मनात आहे. पण २६,००० डीपीआय, ८००० हर्ट्‌झ, मेकॅनिकल फील, अँटी-घोस्टिंग हे वाचून डोकं गरगरतं. वायरलेसमध्ये उशीर होतो असंही ऐकलं. धाकटा भाऊ त्याच खोलीत झोपतो. शिवाय चांगली साधनं हातात आली की खेळणं आणखी वाढेल ही धास्ती आहेच. काय घ्यावं?

उत्तर :

खरेदीला निघण्याआधी एक फुकटचं काम करा. माऊसचा तो नखाएवढा रिसीव्हर, ज्याला मुलं डोंगल म्हणतात, लॅपटॉपच्या कुठल्या पोर्टात खोचलाय ते बघा. शेजारच्या पोर्टात पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क असेल, किंवा डोंगल एखाद्या यूएसबी हबमध्ये असेल, तर अडकण्याचं कारण बहुधा तिथंच सापडेल. यूएसबी ३.० च्या जोडणीतून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पसरतो, आणि वायरलेस माऊस बोलतो तोही त्याच पट्ट्यात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. खोक्यावर मात्र हे कुणी छापत नाही.

उपाय सोपा. मीटरभर लांबीची साधी यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, माऊसपासून वीसेक सेंटिमीटरवर आणून ठेवा. माऊसमध्ये नवा सेल घाला. लॅपटॉपचं वायफाय २.४ वरून ५ गिगाहर्ट्‌झवर न्या. आणि माऊस काचेवर किंवा चकचकीत लॅमिनेटवर फिरत असेल तर खाली कापडी माऊसपॅड घाला. माऊसचा सेन्सर म्हणजे चिमुकला कॅमेराच असतो, खालच्या पृष्ठभागाचे फोटो काढून तो हालचाल मोजतो. गुळगुळीत काचेत त्याला दिसणार काय?

एवढं केल्यावर खेळ बंद करून नुसत्या डेस्कटॉपवर माऊसने भराभर गोल गोल काढून बघा. कर्सर तिथंही अडखळला तर दोष माऊसचा किंवा जोडणीचा. डेस्कटॉपवर लोण्यासारखा फिरतो आणि खेळातच अडकतो, असं असेल तर लॅपटॉप धापा टाकतोय, नाहीतर इंटरनेट रेंगाळतंय. त्यावर जगातला कुठलाही माऊस उतारा नाही. लॅपटॉप दमत असेल तर खेळाची ग्राफिक सेटिंग खाली आणणं हा उतारा आहे. ही तपासणी आत्ताच करायचं आणखी एक कारण म्हणजे डोंगल चुकीच्या जागी असेल तर नवा, महागडा माऊसही अगदी तसाच अडकेल, आणि मग दोष तुमच्या भेटीला लागेल.

कीबोर्डची तक्रार मात्र खरी आहे, तिथं मुलीला शंभर टक्के गुण. साध्या कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. जाळीतल्या एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकाच वेळी दाबले गेले की चौथा दाबलाय की नाही हे कीबोर्डला कळेनासं होतं. न दाबलेलं चौथं बटण दाबल्यासारखं भासणं याला घोस्टिंग म्हणतात. ते टाळायला साधे कीबोर्ड अशा वेळी खरं दाबलेलं बटणही गाळून टाकतात. पुढे पळत, तिरकं होत, उडी मारायची तर डब्ल्यू, ए, शिफ्ट आणि स्पेस अशी चार बटणं एकदम लागतात. तीनच पोचली तर उडी राहते. खोक्यावरच्या ‘अँटी-घोस्टिंग’ या शब्दाला म्हणूनच एकटा फारसा अर्थ नाही. तो बऱ्याचदा खेळात लागणाऱ्या मोजक्या बटणांपुरताच खरा असतो. ‘६-की रोलओव्हर’ (एकदम दाबलेली सहा बटणं पोचतात) किंवा ‘एन-की रोलओव्हर’ (कितीही दाबा, सगळी पोचतात) असं स्पष्ट लिहिलेलं बघा. घरी तपासायचं तर नोटपॅड उघडा, दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि ए पासून झेड पर्यंत एकेक अक्षर टाइप करा. जी अक्षरं उमटत नाहीत ती जाळीत अडकली.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत जरा हलवून बघतो. तुम्हाला दोन्ही वस्तू वायरलेस हव्यात. का? माऊस दिवसभर फिरतो. त्याची वायर टेबलाच्या कडेला घासते, पॅडच्या कोपऱ्यात अडते, नेम साधताना हाताला मागे खेचते. ती गेली तर खेळणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत फरक कळतो. कीबोर्ड मात्र एकदा ठेवला की हलत नाही. त्याची वायर लॅपटॉपमागे गेली की विसरायची. वायरलेस कीबोर्ड काही मिनिटं हात लागला नाही की झोपी जातो आणि जागा होताना पहिलं बटण गिळतो. त्याला चार्जिंग लागतं. दिवे लावले की बॅटरी झपाट्याने उतरते, आणि दिवे तर मुलीला हवेच असणार! त्याच पैशांत वायरचा कीबोर्ड घेतला तर बॅटरी आणि रेडिओचा खर्च वाचतो, तो चांगल्या स्विचमध्ये जातो. माझा कौल म्हणून स्पष्ट आहे : माऊस वायरलेस, कीबोर्ड वायरचा.

याला अपवाद आहेत. अभ्यासाचं टेबल तेच असेल आणि कीबोर्ड रोज उचलून बाजूला ठेवावा लागत असेल, किंवा कुणी टीव्हीसमोर लांब बसून खेळत असेल, तर वायरलेस कीबोर्ड घ्यावाच. मग तीन तऱ्हांनी जोडता येणारा घ्या : डोंगल, ब्लूटूथ आणि केबल. ‘केबल लावल्यावर वायरच्या कीबोर्डसारखा चालतो का’ हे मात्र विचारून घ्या. काही स्वस्त कीबोर्डात केबल फक्त चार्ज करते, बटणांचा निरोप नेत नाही. तीन वर्षांनी बॅटरी दमली की तो कीबोर्ड अडगळीत जातो.

दुसरं गृहीत सेटचं. एकाच खोक्यात कीबोर्ड आणि माऊस मिळाला की सोय वाटते, पण गेमिंग सेटमध्ये बहुतेकदा कीबोर्ड बरा असतो आणि माऊस पोटापुरता. पैसे दिसतात कीबोर्डात, कारण तो मोठा आणि रंगीत. खेळाचा भार मात्र माऊसवर. सुटं घ्या. ठरवलेल्या रकमेचे पाच भाग केले तर तीन माऊसला, दीड कीबोर्डला आणि उरलेला अर्धा चांगल्या कापडी पॅडला आणि त्या एक्स्टेन्शन केबलला.

आता उशिराची गोष्ट. ‘वायरलेस म्हणजे उशीर’ हे सरसकट खरं नाही, पण खोटंही नाही. कुठलं वायरलेस, यावर सगळं आहे. गेमिंग माऊसचा २.४ गिगाहर्ट्‌झचा डोंगल सेकंदाला १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला, संगणकाला निरोप देतो. वायरचा गेमिंग माऊसही सर्रास तेवढाच देतो. ऑफिसचे वायरलेस माऊस साधारण १२५ वेळा देतात, म्हणजे ८ मिलिसेकंदांनी एकदा. ब्लूटूथवर दोन निरोपांमधलं कमीत कमी अंतर सहसा ७.५ मिलिसेकंद असतं, पुष्कळदा त्याहून जास्त. म्हणून खेळ डोंगलवर आणि ब्लूटूथ शाळेच्या कामाला, असं सरळ वाटून टाका. ज्या माऊसला डोंगलच नाही, फक्त ब्लूटूथ आहे, तो कितीही देखणा असला तरी या कामाचा नाही. खोक्यावर नुसतं ‘वायरलेस’ लिहिलंय आणि पोलिंग रेटचा, म्हणजे सेकंदाला किती निरोप याचा, हर्ट्झमधला आकडाच नाही, तर तो १२५ समजा आणि पुढे चला.

मग ८००० हर्ट्‌झ? तुमच्या लॅपटॉपचा पडदा ६० हर्ट्‌झचा असेल तर त्यावर नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी उमटतं. १००० हर्ट्‌झचा माऊस प्रत्येक चित्रामागे सोळा-सतरा निरोप पाठवतो, ८००० चा १३३. डोळ्यांना दोन्ही सारखेच. उलट ८००० वर प्रोसेसरवर भार येतो, आधीच धापा टाकणारा लॅपटॉप आणखी अडखळतो आणि माऊसची बॅटरी किती तरी लवकर संपते. १००० पुरेत.

डीपीआयचा आकडा तर निव्वळ सजावट. २६,००० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की २६,००० पावलं मोजली. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर याचा अर्थ काय, तर माऊस २ मिलिमीटरही सरकायच्या आत कर्सर डावीकडून उजवीकडे पार! असा माऊस चालवून दाखवावा कुणी. ८०० डीपीआयवर तेच अंतर कापायला सुमारे ६ सेंटिमीटर हात हलवावा लागतो, आणि नेम तिथंच साधतो. खेळणारे बहुतेक ४०० ते १६०० मध्येच असतात. आकड्यांपैकी पाहण्यासारखा एक आहे : सेन्सर कमाल किती वेग पकडतो, जो आयपीएस म्हणजे इंच प्रति सेकंद या मापात लिहितात. २५० च्या वर असला की झटकन वळताना सेन्सर हात सोडत नाही. सेन्सरचं नावच न छापणाऱ्या माऊसपासून लांब राहा.

आता त्या गोष्टीकडे येतो जी पत्रात कुठंच नाही आणि जिच्यावर सगळं अवलंबून आहे. मुलीचा हात. बोटं जुळवून तळवा पट्टीवर ठेवायला सांगा आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या घडीपर्यंत मोजा. १७ सेंटिमीटरच्या आत असेल तर माऊसची लांबी १२ सेंटिमीटरच्या आतली हवी. १७ ते १९ मध्ये मधले माऊस बसतात, त्यापुढे १२.५ सेंटिमीटर आणि वर. मग ती खेळत असताना बाजूने हाताचा एक फोटो काढा. तळवा पूर्ण टेकलेला आहे, की बोटं पंजासारखी वाकलेली आणि फक्त तळव्याचा मागचा भाग टेकलेला, की नुसती बोटांची टोकं? तळवा टेकणाऱ्याला पाठीला फुगीर माऊस लागतो, पंजावाल्याला मध्यम उंचीचा, आणि टोकांनी धरणाऱ्याला ठेंगणा नि हलका. मोठा माऊस लहान हातात आला की अंगठा बाजूच्या पुढच्या बटणापर्यंत पोचत नाही, करंगळी पॅडवर घासत राहते आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं. हात वाढतोय म्हणून दोन वर्षांनी बसेल असा माऊस घेऊ नका. तो काही शाळेचा बूट नाही. दोन्ही बाजूंनी सारखा आकार असलेला माऊस वाढत्या हाताला बराच काळ चालतो.

डावखुऱ्या मुलांसाठी एक सूचना : आकार दोन्ही बाजूंनी सारखा म्हणजे माऊस डावखुरा असं नाही. बहुतेकांत बाजूची बटणं फक्त डावीकडे असतात, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली. फोटोत दोन्ही कडा नीट बघा.

वजन ६० ते ८० ग्रॅमच्या दरम्यान असलं की लहान हाताला बरं. सुट्या सेलवर चालणारा माऊस हा काही वाईट पर्याय नाही, सेल संपला की बदलायचा, बॅटरी मरायची भीती नाही. पण एए आकाराचा अल्कलाइन सेल एकटाच सुमारे २३ ग्रॅम भरतो. त्याच आकाराचा दीड व्होल्टचा लिथियम सेल १५ ग्रॅमच्या आसपास असतो. किंवा एएए सेल अ‍ॅडॅप्टरच्या नळीत घालून बसवता येतो, वजन आणखी उतरतं, सेल मात्र लवकर संपतो.

माऊस बिघडतो तो सहसा एकाच जागी : डावं बटण. एकदा दाबलं की दोनदा लागतं. आतल्या स्विचचा धातूचा पत्रा झिजला किंवा काळवंडला की संपर्क थरथरतो आणि त्या थरथरीला माऊस दुसरा क्लिक समजतो. ऑप्टिकल स्विचमध्ये प्रकाशाचा किरण अडतो-सुटतो, पत्र्याचा संपर्कच नसतो, म्हणून हा रोग होत नाही. दोन माऊस इतर सगळ्या बाबतींत बरोबरीचे वाटले तर ऑप्टिकल स्विचवाला उचला. आणि वॉरंटी किती ते बघा, कारण हा रोग पहिल्या महिन्यात दिसत नाही.

कीबोर्डकडे वळू. ‘मेकॅनिकल फील’ याचा अर्थ मेकॅनिकल नाही. आत रबराचाच पडदा असतो, वर आवाज तेवढा टकटक. खऱ्या मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असतो. त्यांची ओळख रंगांवरून : लाल सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये हलकासा अडखळतो, निळा दर दाबाला ‘टिक’ करतो. निळा तुमच्या घरात आणू नका. भाऊ त्याच खोलीत झोपतोय. लाल स्विच सुमारे ४५ ग्रॅम दाबाने, २ मिलिमीटर खाली गेला की लागतो, तळ ४ मिलिमीटरवर. त्याला स्वतःचा आवाज नाही, पण बटण तळाला आपटल्याचा होतोच. म्हणून लालसारखाच सरळ जाणारा ‘सायलेंट लिनियर’ स्विच शोधा, त्यात तळाशी आणि वर रबराचे मऊ ठोकळे असतात. कीबोर्डाखाली जाड कापडी चटई घातली तर टेबलातून जाणारा धप्प आवाजही उतरतो. स्विच काढता-घालता येणारा, म्हणजे ‘हॉट-स्वॅप’ कीबोर्ड असेल तर आज बसवलेले स्विच न आवडल्यास चिमट्याने ओढून दुसरे खोचता येतात, सोल्डरिंग लागत नाही. स्विच काढल्यावर पायांची संख्या बघा. पाच पायांचे स्विच तीन भोकांच्या सॉकेटमध्ये जात नाहीत, जास्तीचे दोन प्लास्टिकचे पाय कापावे लागतात.

आकाराचं गणित टेबलावर करा. पूर्ण कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर रुंद. उजवीकडचा आकड्यांचा गठ्ठा काढला की ३६, आणि सर्वांत छोटा ६१ बटणांचा ३० च्या आत. नेमबाजीच्या खेळात माऊसला चाळीसेक सेंटिमीटर मोकळी जागा लागते. टेबल ८० सेंटिमीटरचं असेल तर पूर्ण कीबोर्डापुढे माऊस कोपऱ्यात कोंडला जातो आणि खांदा बाहेर खेचला जातो. ८७ बटणांचा किंवा त्याहून किंचित आखूड ८४ बटणांचा घ्या. ६१ बटणांच्या मोहात पडू नका. त्यात बाणांची आणि वरची एफ बटणं नसतात, शाळेचा निबंध लिहिताना बाण शोधायला दुसरं बटण दाबून धरावं लागतं. आठवड्यात रुसवा येईल.

मुलीकडून ‘मॅग्नेटिक’ किंवा ‘हॉल इफेक्ट’ हे शब्द कानावर येतील. त्यात चुंबकाने बटण किती खाली गेलं ते मोजतात, कुठल्या खोलीवर लागावं हे ठरवता येतं. चांगली गोष्ट आहे, पण गरजेची नाही. त्यातली एक सोय मात्र जपून वापरायची. खेळात डावीकडे आणि उजवीकडे सरकायची बटणं एकदम दाबली तर शेवटचं दाबलेलं धरायचं, अशी ती. काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या खेळाच्या अधिकृत सर्व्हरवर तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून तिला मनाई केली आहे, सापडलात तर सामन्यातून बाहेर. मॅक्रोचंही तेच : एका बटणात दहा कृती भरणं बऱ्याच ऑनलाइन खेळांत फसवणूक धरतात आणि खातं बंद होऊ शकतं. हे तिला खरेदीच्या दिवशीच सांगा.

जे वाचक लॅपटॉपऐवजी कन्सोलसाठी हे वाचत असतील त्यांनी आधी जोडणी तपासावी. एक्सबॉक्स ब्लूटूथचा कीबोर्ड-माऊस घेतच नाही, डोंगल किंवा वायर लागते. प्लेस्टेशन ५ घेतं. पण दोन्हीकडे तो विशिष्ट खेळ माऊस मानतो का हे खेळागणिक बदलतं. आधी खेळाचं नाव, मग माऊस.

न सांगता आणून देण्याबद्दल थोडं अडखळतो. हात मोजायचा, पकड बघायची, बटणांचा आवाज ऐकायचा, हे चोरून कसं करणार? शिवाय १४ वर्षांच्या खेळणाऱ्या मुलीला या बाबतीत तुमच्याहून नक्कीच जास्त कळतं. वाढदिवसाला पाकिटात रकमेची चिठ्ठी द्या आणि तीन अटी घाला : माऊसला डोंगल हवा, कीबोर्ड रात्री ऐकू येता कामा नये, आणि दोन्ही परत करता येतील अशा ठिकाणाहूनच घ्यायचे. उरलेलं तिला शोधू दे. खोकंच हातात द्यायचं असेल तर पॅड द्या, मोठं आणि कापडी. ते चुकत नाही.

खेळणं वाढेल ही धास्ती समजते. पण अडकणाऱ्या माऊसने खेळ कमी होत नाही, हरलेला सामना पुन्हा खेळावासा वाटतो, एवढंच होतं. वेळेचं बोलणं वेगळं करा, वेगळ्या दिवशी. भेटीच्या खोक्यात नियमांची यादी घातली की भेट राहत नाही. माऊसचं एक सोयीचं आहे : त्याला चार्जिंग लागतं. झोपायच्या वेळी तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, असं तुम्ही आणि तिने मिळून आधी ठरवलं तर चालतं. तुम्ही परस्पर काढून घेतला तर नाही चालणार.

चार्जिंगचंही बघा. पोर्ट टाइप-सी हवा, आणि खोक्यातली केबल जपा. काही स्वस्त उपकरणांत पोर्टाआतली ५.१ किलोओहमची दोन रेझिस्टर गाळलेली असतात. ती दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, आणि माऊस खराब निघाला असं वाटतं. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की होतात. सुट्टीला जाताना तळाचा स्विच बंद करा, बॅटरी अर्धी ठेवा. माऊसचं कवच कधी फुगलेलं किंवा उचललेलं दिसलं तर चार्जिंग तत्काळ बंद, वापरही बंद, आत बॅटरी सुजली आहे.

आल्या दिवशीच्या सेटिंग. डीपीआय ८००, पोलिंग रेट १०००. विंडोजच्या माऊस सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ काढून टाका. नाव गोड आहे, काम उलटं : हात जोरात हलला की कर्सर प्रमाणाबाहेर पळतो, त्यामुळे हाताला अंतराची सवय लागत नाही. जुन्या माऊसचा डीपीआय १२०० आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी २ असेल तर गुणाकार २४००. नव्या ८०० वर तोच वेग हवा तर सेन्सिटिव्हिटी ३. हे न केल्याने पहिल्या दिवशी ‘जुनाच बरा होता’ असं ऐकू येतं. सॉफ्टवेअर उत्पादकाच्याच साइटवरून घ्या. सेटिंग माऊसच्या स्वतःच्या मेमरीत साठवता येत असेल तर साठवून सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी चालतं.

मग परत करायची मुदत संपायच्या आत तपासण्या. खेळात एखाद्या भिंतीच्या कोपऱ्यावर नेम धरा, माऊस पट्टीच्या कडेने हळूहळू २० सेंटिमीटर उजवीकडे न्या आणि झटक्यात मूळ खुणेवर आणा. नेम त्याच कोपऱ्यावर परत आला पाहिजे. डावं बटण शंभर वेळा सावकाश दाबून मोजा, १०१ आले तर परत. कीबोर्डवर ती दोन शिफ्टची तपासणी पुन्हा करा. स्पेस बार दोन्ही टोकांना दाबून बघा, एका बाजूला खुळखुळत असेल तर खालची तार नीट बसलेली नाही.

आणि डोंगल मिळाल्या मिळाल्या त्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका लावा. जुन्या माऊसचा डोंगल दिसायला अगदी तसाच असतो, आणि बऱ्याच माऊसना त्यांच्याच डोंगलशिवाय दुसरा चालत नाही. प्रवासात तो माऊसच्या पोटातल्या खाचेत ठेवायचा. खाच आहे की नाही, हेही घेतानाच बघा.